जाण्याचे ढीग

लिडनने ढिगावरची चिठ्ठी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरून दोनदा वाचली आणि परत त्या ढिगावर न ठेवता टेबलावर जरा बाजूला, एकटीच ठेवली. मग आणखी एक चिठ्ठी उचलून तिच्या सोबतीला दिली. आता तो नवा ढीग झाला होता.

समोर बसलेल्या मिस पॅलिस्टरांनी चष्म्यावरून पाहिले.

“आता हे काय?”

“रस्ते,” लिडन म्हणाला. “हा रस्ता चर्चपर्यंत जातो. तो रस्ता नदीकडे जातो.”

“दोन्ही जातातच की.”

“चर्चपर्यंत जाणारा पोचतो, मिस पॅलिस्टर. नदीकडे जाणाऱ्याचा नुसता इरादा दिसतो.”

पाहुण्यांच्या मुलाने सोफ्यावर ठेवलेल्या पायांकडे पाहावे तसे मिस पॅलिस्टरांनी त्या नव्या ढिगाकडे पाहिले. पण आज सोमवार होता. सोमवारी त्या हरकत घेत नसत.

“गुरुवारी बघू,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली पाहू लागल्या.

गावातल्या बिअरच्या कारखान्यामागे विटांचे तिमजली घर होते. तिथे इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश तयार होत होता. तो लिडनच्या जन्माआधीपासून तयार होत होता आणि लिडनच्या मरणाआधी पुरा होईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पुस्तके, वर्तमानपत्रे, पाद्र्यांची प्रवचने, साबणाच्या जाहिराती, जिथून मिळतील तिथून वाक्ये उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या गोण्या भरभरून येत. त्या आधी शब्दांप्रमाणे लावायच्या, मग अर्थांप्रमाणे. एका अर्थाचा एक ढीग. ढिगावर एक कार्ड, कार्डावर व्याख्या. काम एवढेच. ते करता करता माणसांचे केस पांढरे होत आणि चहा थंड.

या घरात दोन प्रकारची माणसे होती, फोडणारी आणि जोडणारी. फोडणाऱ्याला दोन सारख्या चिठ्ठ्यांत फरक सापडल्याशिवाय जेवण जात नसे. जोडणाऱ्याला दोन ढीग शेजारी शेजारी वेगळे दिसले की करमत नसे. मुख्य संपादक डॉक्टर प्रॉसर एका टेबलाला एक फोडणारा आणि एक जोडणारा बसवत. दोन फोडणारे एकत्र आले तर शब्दकोश संपणार नाही आणि दोन जोडणारे एकत्र आले तर भाषाच संपेल, असे त्यांचे मत होते. सोमवार ते बुधवार फोडायचे, गुरुवारी जोडायचे, शुक्रवारी भांडायचे, असा क्रम होता. भांडण म्हणजे तरी काय, ‘माझा थोडा वेगळा विचार आहे’ एवढे म्हणून खिडकीबाहेर पाहायचे.

लिडन फोडणारा. मिस पॅलिस्टर जोडणाऱ्या. डी अक्षरापासून ते एका टेबलाशी समोरासमोर बसत आले होते, म्हणजे दीड तप तरी झाले. डी झाले, ई झाले, एफ झाले. आता जी. इतक्या काळात लिडनला त्यांच्याविषयी बरेच कळले होते. त्यांना आल्याची बिस्किटे आवडत, पण त्या पहिले बिस्किट कधीच घेत नसत. विचार करताना त्या डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरत. एखादी व्याख्या मनासारखी जमली की ओठ न हलवता काहीतरी गुणगुणत, ते बहुधा चर्चमधले असावे. त्यांचे पहिले नाव हेस्टर होते हेही त्याला ठाऊक होते. ते नाव घेण्याची वेळ मात्र आली नव्हती. त्यांनाही त्याचे नाव ठाऊक असावे, कारण दाराबाहेरच्या फळीवर ते लिहिले होते.

जी अक्षरात ‘गो’, म्हणजे जाणे, हे क्रियापद सगळ्यांनी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवले होते. पानात कारल्याची भाजी ठेवावी तसे. शब्द दिसायला एवढासा, पण त्याच्या चिठ्ठ्यांनी दोन कपाटे भरली होती. माणूस जातो, गाडी जाते, वेळ जातो, ताप जातो, दृष्टी जाते, आजी जाते. टाय कोटावर जातो किंवा जात नाही. या भाषेत दूध नासते तेही जाते आणि घंटा वाजते तीही जाते. चांगला शहाणा माणूस वेडा होतो तोही वेडा जातो. अब्रूही जाते, पण ती जुन्या चिठ्ठ्यांत. नव्या चिठ्ठ्यांत कोणाची अब्रू गेल्याचे आढळले नव्हते.

त्या घराची एक रीत होती. अक्षर अर्धवट टाकून कोणी निवृत्त होत नसे. वय होवो, गुडघे जावोत, आधी अक्षर संपवायचे. नियम म्हणून हे कुठे लिहिलेले नव्हते, त्यामुळे तो मोडताही येत नव्हता. सी अक्षराचे संपादक निवृत्त झाले तेव्हा समारंभाचा केक त्यांना दुधात भिजवून द्यावा लागला होता.

मिस पॅलिस्टरांचे वय मागच्या वसंतातच झाले होते. त्यांची धाकटी बहीण म्युरिएल विधवा होती. उत्तरेकडे समुद्रकाठच्या थॉर्नविक नावाच्या कोळ्यांच्या गावात तिने घर घेतले होते. त्यातली समुद्राकडची खोली मिस पॅलिस्टरांसाठी राखून ठेवली होती. मागच्या जून महिन्यात एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी हे लिडनला सांगितले. म्हणजे ‘जाणे’ संपले की जी संपणार होते, जी संपले की त्या जाणार होत्या.

छान, असे लिडन म्हणाला होता. समुद्राची हवा तब्येतीला बरी असते, असेही म्हणाला होता. त्यानंतर त्याने चिठ्ठ्या फोडायला जी सुरुवात केली ती आता नोव्हेंबर आला तरी थांबली नव्हती.

एरवी तो प्रामाणिक फोडणारा होता. त्याला फरक दिसे म्हणून तो फोडत असे. आता तो आधी फोडत असे आणि मग फरक शोधत असे. पायी जाणे आणि चालत जाणे. परवानगीने जाणे आणि न विचारता जाणे. पाऊस पडत असताना जाणे; याला पुरावा भरपूर होता, कारण या देशात दुसऱ्या कुठल्या हवेत जायची सोयच नाही. संध्याकाळी सायकलच्या दुकानावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत तो माशाच्या चटणीचे सँडविच खात बसे आणि आपण विद्येशी लबाडी करतो आहोत असे त्याला स्वच्छ दिसे. सकाळी येऊन तो आणखी एक ढीग करी.

गुरुवारी मिस पॅलिस्टर बाह्या दुमडत आणि त्याने तीन दिवसांत फोडलेले सगळे दुपारच्या चहापर्यंत जोडून टाकत. रागावून नाही, अगदी शांतपणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात तसे. त्यांचा तो वेग लिडन पेन्सिल हातात धरून पाहत राही. एवढी घाई माणसाला कशाची असते हे त्याला न सांगता कळत होते. समुद्राची.

चहा आणणाऱ्या मिसेस टब यांचा लिडनवर राग होता. त्यांनी निरोपाचा केक सप्टेंबरातच करून ठेवला होता. असा केक मुरवायचा तर दर आठवड्याला त्यावर चमचाभर ब्रँडी घालावी लागते. ‘जाणे’ लांबत गेले आणि केक पीत राहिला. त्याचे कपाट उघडले की आता जिन्यापर्यंत वास येई. मंगळवारी त्यांनी लिडनला कॉरिडॉरमध्ये गाठले आणि म्युरिएलने पडदेसुद्धा शिवून ठेवले आहेत हे सांगितले. कपड्याचा रंगही सांगितला. मग ट्रे कमरेला टेकवून म्हणाल्या,

“सोडा हो मिस पॅलिस्टरांना, मिस्टर लिडन. दार उघडलं की कुत्रंसुद्धा बाहेर जातं. तुम्ही दारच उघडत नाही.”

लिडनने आपला कप उचलला आणि चहा छान झाला आहे असे सांगितले. चहा नेहमीसारखाच होता.

त्याच दुपारी डॉक्टर प्रॉसर यांनी त्याला खाली बोलावले. डॉक्टर वेल्समधले, लहानखुरे. त्यांना बारा महिने थंडी वाजे आणि गॅसच्या शेगडीपाशी ते मफलर गुंडाळून बसत. त्यांनी ‘जाणे’ची ताजी यादी पुढ्यात घेतली होती. आवाज न चढवता त्यांनी विचारले की रस्त्यांचे एवढे प्रकार जिल्ह्याच्या बांधकाम खात्याला तरी ठाऊक असतील काय. लिडनने सांगितले की प्रत्येकाला पुरावा आहे.

“पुरावा वेड्यांपाशीही भरपूर असतो, लिडन.”

मग त्यांनी छापखान्याचे सांगितले. तिथे जी अक्षरासाठी यंत्र अडवून ठेवले होते आणि छापखान्याचे मालक आता पत्रांत ‘प्रिय’ लिहीत नव्हते. शुक्रवारी चहाच्या वेळेपर्यंत क्रियापद हातात पडले नाही तर ते वरच्या मजल्यावर व्हिटकोमकडे जाईल. व्हिटकोमने ‘करणे’ एका उन्हाळ्यात उरकले होते आणि मध्ये सुट्टीलाही जाऊन आला होता. त्याने हेही तसेच उरकले की मिस पॅलिस्टरांना अडकून पडायचे कारण उरणार नव्हते.

“त्या बाईंचा तरी विचार करा,” डॉक्टर म्हणाले.

लिडनने आपण तोच करत असतो हे सांगितले नाही. शुक्रवारपर्यंत बघतो, म्हणाला. जिना चढता चढता त्याच्या मनात नवे ढीग तयार होऊ लागले होते. व्हिटकोमकडे गेलेले क्रियापद व्हिटकोमला महिनाभर तरी सुटू नये इतके फोडून ठेवता येईल का, याचा तो हिशेब करत होता. सहसा कोणाचे वाईट न चिंतणारा माणूस तो.

टेलिफोन जिन्याखाली होता. तिथे कोणी बोलत असले की येणारा-जाणारा खोकत असे, म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही हे समोरच्याला कळावे. लिडन खोकायच्या बेतात होता, तेवढ्यात मिस पॅलिस्टरांचा आवाज आला. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. कपाळ भिंतीला टेकलेले होते.

“नाही गं, अजून नाही... काय सांगू तुला. माझ्या हातात असतं तर झालं नसतं का कधीच?” मग बराच वेळ पलीकडून बोलणे चालले असावे. “थकले मी, मुरी. रोज वाटतं आज होईल. आणि रोज आपलं तेच.”

लिडन खोकला नाही. तो पाऊल न वाजवता वर गेला आणि दुसऱ्या मजल्यावर उगीचच चिठ्ठ्यांचे एक कपाट उघडून उभा राहिला. दीड तपात मिस पॅलिस्टर ‘थकले’ म्हणाल्याचे त्याने ऐकले नव्हते. छतातून पाणी गळून ई अक्षराच्या अर्ध्या चिठ्ठ्या भिजल्या तेव्हाही त्या फक्त ‘अरेच्चा’ म्हणाल्या होत्या.

थोड्या वेळाने त्या टेबलापाशी आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता. उद्या आणि परवा आपण नाही, असे त्यांनी सांगितले. म्युरिएलने खोलीच्या भिंतींना नवा कागद लावला होता आणि तो पाहून जा म्हणून ती मागे लागली होती.

“या गुरुवारचं जोडायचं राहील,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी सकाळी बघेन मी.”

“काळजी करू नका,” लिडन म्हणाला.

त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, हातमोजे हातात घेऊन. लिडन पेन्सिलीला टोक करत होता. टोक आधीच चांगले होते.

बुधवारी सकाळी तो नेहमीच्या जागी बसला आणि जोडायला लागला. जमेना. ज्या ज्या ढिगाला हात लावावा त्याचे वेगळेपण पुढे येई. रस्ते म्हणत, आम्ही पोचतो. दुसरे रस्ते म्हणत, आमचा इरादा आहे. शेवटी तो उठला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि मिस पॅलिस्टरांच्या खुर्चीवर बसला. जोडायचे तर त्या बाजूने बसून पाहावे, एवढाच त्याचा विचार होता.

त्याच्या नेहमीच्या जागेवरून मिस पॅलिस्टरांच्या मागे मोठी खिडकी दिसे. खिडकीत शेजारच्या बागेतले नासपतीचे झाड, त्यामागे कारखान्याचे धुराडे, त्यावर आभाळ. वसंतात ते झाड फुलले की मिस पॅलिस्टर फुलांत बसल्यासारख्या दिसत. इतकी वर्षे ती खिडकी आपल्या दोघांची आहे असे तो धरून चालला होता. त्यांच्या खुर्चीतून खिडकी दिसतच नव्हती. समोर भिंत होती, भिंतीला पाठ लावून राखाडी लोखंडी कपाट होते आणि कपाटापुढे त्याची खुर्ची. कोपरांवर ठिगळे लावलेले त्याचे स्वेटर तिच्या पाठीवर लोंबत होते. त्या जागेवरून पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते.

एफ अक्षराच्या वेळी डॉक्टर प्रॉसर यांनी मिस पॅलिस्टरांना वरच्या मजल्यावरची, सकाळचे ऊन येणारी खोली देऊ केली होती. जिना झेपत नाही म्हणून त्यांनी ती नाकारली होती. ग्रंथालय त्याच मजल्यावर होते आणि तिथे त्या रोज जात. हेही लिडनला आठवले. पण तो फोडणारा होता. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांचे काय होते ते पाहण्याची त्याला सवय नव्हती.

तो त्या खुर्चीत काही वेळ बसून राहिला. मग कामाला लागला.

त्या बाजूने काम होऊ लागले. रस्ते सगळे एका ढिगात गेले, पोचणारे आणि न पोचणारे. पायी जाणारे चालत जाणाऱ्यांना मिळाले. परवानगी काढणारे आणि न काढणारे एकाच रांगेत उभे राहिले. पावसात जाणाऱ्यांचे वेगळेपण त्याने एका हाताने पुसून टाकले. जिवंतपणी जाणे आणि मरून जाणे एवढा भेद त्याने ठेवला, कारण तेवढा ठेवावाच लागतो. प्रत्येक ढीग जुळला की आत कुठेतरी काहीतरी मोडल्यासारखे होई, पण ढीग चांगला जुळे. गुरुवारी दिवे लावायच्या वेळेपर्यंत काम संपले. मिसेस टब कप न्यायला आल्या, त्यांनी टेबल पाहिले आणि त्याच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवले. शत्रुत्व संपले होते.

शुक्रवारी मिस पॅलिस्टर दुपारी आल्या. गाडीला उशीर झाला होता. दारातच त्या थांबल्या. टेबलावर एरवी चिठ्ठ्यांचा बाजार मांडलेला असे, तिथे दोन सरळ रांगांत ढीग होते, प्रत्येकाला रबरबँड, प्रत्येकावर कार्ड.

“हे कोणी केलं?”

“मी,” लिडन उठून म्हणाला.

“तुम्ही जोडलंत?”

“तुम्हाला माझ्यापायी थांबावं लागू नये म्हणून.”

मिस पॅलिस्टर पुढे आल्या आणि कोट न काढता, उभ्यानेच पहिले कार्ड वाचू लागल्या. मग दुसरे. लिडनने कागदाची चौकशी केली, भिंतीच्या. निळी फुले आहेत, त्या म्हणाल्या. त्याने बहिणीची चौकशी केली. मुरी बोलते, त्या म्हणाल्या. त्याने समुद्राची चौकशी केली.

“होता,” त्या म्हणाल्या.

कार्डे वाचता वाचता त्या दुसऱ्या रांगेवर आल्या. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. लिडन त्यांच्या बोटांकडे पाहत होता. एखाद्या व्याख्येपाशी त्या गुणगुणतील असे त्याला वाटत होते, पण खोलीत गॅसच्या शेगडीचाच काय तो आवाज होता.

“चांगलं जोडलंय,” शेवटी त्या म्हणाल्या. “एक-दोन ठिकाणी तर माझ्याही हातून इतकं जोडलं गेलं नसतं.”

त्या घरात याहून मोठी स्तुती नव्हती. ती ऐकून लिडनला अंगातली ऊब गेल्यासारखे वाटले.

“म्हणजे झालं तर,” तो म्हणाला.

“हो. झालंच म्हणायचं.”

त्यांचा हात शेवटच्या ढिगावर होता. तो सगळ्यात मोठा ढीग, सगळ्यात साधा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. गावात जाणे, शाळेत जाणे, दुकानात जाणे. त्यात काही शोधण्यासारखे नव्हते. ऐन भरात असतानाही लिडनने त्याला हात लावला नव्हता. मिस पॅलिस्टरांनी डाव्या हाताने आपले उजवे मनगट धरले आणि सोडले. मग त्यांनी त्या ढिगाचा रबरबँड काढला. चिठ्ठ्या चाळत चाळत एक चिठ्ठी ओढून बाहेर काढली, वाचली आणि टेबलावर बाजूला, एकटीच ठेवली. आणखी एक काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

लिडन पाहत राहिला. जोडणाऱ्या व्यक्तीला असे करताना त्या घरात कोणी पाहिले नव्हते.

“मिस पॅलिस्टर?”

“हे वेगळं आहे,” त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

“कोणतं?”

“दुकानात जाणं आणि समुद्रावर जाणं.”

लिडन वाकला. त्याने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. ज्याने रस्त्यांच्या मनातले इरादे ओळखले होते त्यालाही इथे फरक दिसेना.

“यात फरक काय?”

“दुकानात माणूस एकटा जातो.”

“आणि समुद्रावर?”

“तेच बघायला हवं,” मिस पॅलिस्टर म्हणाल्या. त्यांनी तिसरी चिठ्ठी काढली.

दार वाजले आणि डॉक्टर प्रॉसर आत आले. त्यांच्यामागे मिसेस टब होत्या, केकच्या ताटासह, आणि ताटामागे ब्रँडीचा वास. डॉक्टरांनी मफलर सैल केला. ढिगांच्या रांगा पाहून त्यांचा चेहरा उजळला. संपले ना, असे त्यांनी विचारले, ते विचारण्यासारखे नव्हतेच, सांगितल्यासारखे होते.

“नाही,” मिस पॅलिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून लिडनकडे पाहिले. त्या नजरेत व्हिटकोम होता.

“त्यांच्याकडे बघू नका, डॉक्टर. हे मी फोडलंय.”

डॉक्टर टेबलापाशी आले. त्यांनी मोठ्या ढिगातली एक चिठ्ठी उचलली, छोट्या ढिगातली एक उचलली, दोन्ही हातांत दोन धरून तोलल्यासारखे करत वाचल्या. ओठ हलले. मग त्यांनी मिस पॅलिस्टरांकडे पाहिले. त्या डी अक्षरापासून त्यांच्या हाताखाली होत्या. त्या काळात त्यांनी दोन ढिगांचा एक केला नाही असा आठवडा गेला नव्हता आणि एकाचे दोन केले असा एकही आला नव्हता. डॉक्टर आपल्या वेल्श भाषेत काहीतरी पुटपुटले. छापखान्याचे काय सांगू, असे त्यांनी विचारले, ते मात्र कोणाला विचारले ते कळले नाही.

“पुरावा अपुरा आहे असं सांगा,” मिस पॅलिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठ्या होत्या तिथे ठेवल्या, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून नीट पाहून. मफलर पुन्हा गुंडाळला. दारातून जाताना त्यांनी मिसेस टब यांना खुणेने मागे फिरवले. मिसेस टब ताटासह वळल्या आणि याला आणखी ब्रँडी लागली तर आता तो पेटेल, असे जिन्यावर कोणाला तरी सांगत गेल्या.

खोलीत पुन्हा शेगडीचा आवाज येऊ लागला. मिस पॅलिस्टर उभ्याच होत्या. लिडन टेबलाच्या आपल्या बाजूला उभा होता. दोघांमध्ये जाण्याचे ढीग होते.

“समुद्रावर एकट्यानं गेल्याच्या चिठ्ठ्या आपल्याकडं पुष्कळ असतील,” लिडन म्हणाला. आवाज कचेरीतलाच होता.

“त्या मी पाहिल्यात.”

“मग दुसऱ्या प्रकारच्या...”

“नाहीत,” मिस पॅलिस्टर म्हणाल्या. “इतकी वर्षं झाली. एकसुद्धा कोणी आणून दिली नाही.”

लिडनने छोट्या ढिगातल्या चिठ्ठ्यांच्या कडा बोटाने सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या. मिस पॅलिस्टरांच्या मागे खिडकीत अंधारत आलेले झाड होते. त्याने आज तिकडे पाहिले नाही.

“थॉर्नविकला जायचं तर,” त्याने विचारले, “गाडी कुठं बदलावी लागते?”

इतका वेळ अंगावरच असलेला कोट मिस पॅलिस्टरांनी काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि बसल्या.

“यॉर्कला,” त्या म्हणाल्या. “पण तिथं बराच वेळ बसून राहावं लागतं.”

“चालेल,” लिडन म्हणाला.